शिंपलीसह एक किलो

बत्तीस वर्षं मी वजनं उलटी करून बघितली.
लोखंडी वजनाच्या बुडाला खळगा असतो,
त्यात शिसं ओतलेलं, शिशावर सरकारी ठोका.
तो आहे की नाही, एवढंच बघायचं.

देवगडच्या बंदरावर माझी फेरी वर्षातून एकदा,
नारळी पौर्णिमा उलटून होड्या पाण्यात गेल्या की.
जीप वळणावर दिसायची
आणि काही वजनं गोणपाटाखाली जाऊन निजायची.

द्वारका कुबल बसल्या जागची हलली नाही.
शिवराळ बाई. सुनेशी अबोला,
बर्फवाल्याशी उधारीवरून रोजची लढाई.
पाया पडावं असं तिच्यात काही नव्हतं.
तिचं एक किलोचं वजन उचललं
तर कडीला लाल दोऱ्यानं
कालवाची शिंपली बांधलेली.

“हे काय?”
“खारान खाल्ल्यान तेका. कमी भरता.
शिंपली लावली की बरोबर.”
“किती कमी? कुणी मोजलं?”
तिनं तळवा पुढे केला, खवल्यांनी चकाकणारा.
“हाताक कळता.”

शेजारी वसंत धुरी.
त्याची वजनं नवी, ठोक्यासकट, बिनचूक.
मी समोर असेपर्यंत त्याचा अंगठा खिशात असायचा,
मी वळलो की पारड्याच्या कडेला टेकायचा,
चालून चालून दमल्यासारखा.
अंगठ्याला उलटं करून बघता येत नाही.

मी शिंपलीचं वजन जप्त केलं. कलम होतं.
पावती फाडली, दोनशे रुपये.
तिनं कमरेच्या पिशवीतल्या ओल्या नोटा मोजल्या,
एक शिवी मला दिली, एक सरकारला,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली,
“आज वाट्यान घे गो, माजो किलो सरकारान न्हेलो.”
वाट्यावर आणखी दोन बांगडे चढवले.

रात्री विश्रामगृहात वीज गेलेली.
मेणबत्तीशेजारी काचेच्या पेटीतला तराजू मांडला.
वजन भरलं नऊशे शहाऐंशी ग्रॅम.
शिंपली, पंधरा.
दोरा सोडून मोजलं. खिडकी लावून घेतली, वारा नको म्हणून,
पुन्हा मोजलं.
पंधराच.

आमच्या पुस्तकात तक्ता आहे,
किती चूक चालते त्याचा.
चूक कुणाच्या बाजूला ठेवावी
याचा नाही.
तिच्या हातानं ते ठरवलं होतं,
किंवा ठरवलंही नसेल;
चाळीस वर्षं रोज तेच केल्यावर
ठरवायचं काय उरतं?

मी चुकलो नव्हतो.
हे वाक्य मी जीपमध्ये म्हणून पाहिलं,
फोंडा घाटात म्हणून पाहिलं,
पगाराच्या दिवशीही.
जप्तीच्या यादीत लिहिलं, लोखंडी वजन, नग एक.
शिंपलीला रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी मी पदरच्या पैशानं
नवा एक किलो घेऊन गेलो, ठोका मारलेला.
तिनं हातावर तोलला, डोळे मिटून.
“बरो आसा. पण ह्याकाय खार खातलो.”
मग सहज विचारलं,
“माजी शिंपली खंय?”
मी म्हणालो, दप्तरात जमा आहे.

ती माझ्या शर्टाच्या खिशात होती.
का दिली नाही, ते आजही नीट सांगता येणार नाही.
त्या बंदरावरून आपलं काही असावं
असं वाटलं असेल.

आता निवृत्त आहे. शिंपली टेबलाच्या खणात,
चष्म्याच्या जुन्या डब्याशेजारी.
वाण्यानं कधी चुकून पन्नास रुपये जास्त परत दिले
तर हात आधी खिशाकडेच जातो,
अर्ध्यात थांबतो,
मागे वळतो.
पैसे मी परत करतो, प्रत्येक वेळी.
पण मला अजून थांबावं लागतं.